पॅकेज नंतर सांगा, आधी नवरा काय करतो ते सांगा

हल्ली जो तो मला एकच प्रश्न विचारतो, जर्मनीत यायचं तर पॅकेज किती असावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केला, मग ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय स्किल्ड लोकांच्या व्हिसाचा वर्षाचा आकडा २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार म्हणून जाहीर केलं, आणि तेव्हापासून तर ज्यांनी मला शाळा सुटल्यावर कधी हाय पण केलं नव्हतं त्यांचे पण मेसेज यायला लागले. "६५ हजार युरो म्हणतायत, घेऊ का गं?" सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकते म्हणून हे लिहायला बसले. मी समोरच्याला पॅकेजचं काही सांगायच्या आधी एकच विचारते, की तुझा नवरा काय करतो, किंवा तुझी बायको काय करते. यावर लोकांना वाटतं मी विषय टाळतेय.

टाळत नाहीये. ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना इथे मिळणारा नोकरीचा आणि राहायचा परवाना, एकाला मिळतं, घर दोघांचं हलतं. आणि ज्याला ऑफर आलेली असते त्याचं त्या मानाने सोपं असतं, कारण त्याची कंपनी, त्याचा एचआर, त्याची रिलोकेशन एजन्सी, सगळे त्याच्यासाठी धावत असतात. दुसऱ्यासाठी कोणी धावत नाही.

आमच्याकडे ऑफर मला आली. मी हिंजवडीत गाड्यांच्या ईसीयूचं, म्हणजे गाडीतल्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर लिहायचे, तेच आता स्टुटगार्टजवळच्या एका गावात बसून लिहिते, गावाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही. नवरा डेंटिस्ट, निगडीत स्वतःचं क्लिनिक, दोन खुर्च्या, बरे चाललेले पेशंट. २०२२ च्या सुरुवातीला मी आले, क्लिनिक एका ज्युनियरकडे सोपवून तो नंतर आला. नातेवाइकांना हे गणित आधी कळलंच नाही. बायको नवऱ्याच्या मागे जाते हे त्यांना पाठ आहे, पण डॉक्टर नवरा इंजिनियर बायकोच्या मागे जातो म्हणजे काय, त्याचं तिकडे काही कोर्सबिर्स आहे का असं एका काकांनी मला लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं आणि मी जिलबी खात खात हो म्हणाले होते. तसं ते खोटं नव्हतंच, पुढे त्याचा कोर्सच झाला.

बरं, आधी माझ्या बाजूचं पटकन सांगते कारण त्यात फार काही नाही आणि त्याचे हजार व्हिडिओ आहेत. ब्लू कार्डला पगाराची एक किमान मर्यादा असते, २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो ग्रॉस होती आणि आयटी, इंजिनियरिंग, डॉक्टर वगैरे टंचाईच्या कामांसाठी ४३,७६० च्या आसपास, आकडा दर जानेवारीत बदलतो. तुमची युनिव्हर्सिटी आनाबिन नावाच्या डेटाबेसमध्ये एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त आहे का बघायचं, डिग्री तिथे सापडली तर प्रिंट काढायची, नाही सापडली तर मूल्यांकन करून घ्यायचं. आयटीवाल्यांना तर नोव्हेंबर २०२३ पासून डिग्री नसेल तरी अनुभवावर ब्लू कार्ड मिळू शकतं. संपलं. माझी डिग्री, माझा अनुभव, दहा-बारा वर्षं घासलेलं सगळं एका प्रिंटआउटवर मान्य झालं, कोणी मला परीक्षा दे म्हणालं नाही, मला जर्मनचा एक शब्द येतो का हे पण विचारलं नाही.

आणि नवऱ्याचं? बीडीएस, वर स्वतःच्या हाताने काढलेल्या शेकडो दाढा, इकडे शून्य. अगदी शून्य म्हणणं बरोबर नाही, कागदावर "तपासून बघू" इतकंच.

याचं कारण असं की जर्मनीत काही धंदे नियमातले आहेत. डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मासिस्ट, नर्स, फिजिओथेरपिस्ट, सरकारी शाळेतले शिक्षक, वकील, असल्या लोकांना नोकरी द्यायला कोणी तयार असलं तरी सरकारी परवान्याशिवाय काम करता येत नाही. डेंटिस्टच्या परवान्याला अप्रोबात्सिओन म्हणतात. त्यासाठी आधी बी-टू पर्यंत जर्मन (भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत जातात), मग पेशाची भाषा येते का याची वेगळी परीक्षा, ती साधारण सी-वन लेव्हलची, मग तुमचा अभ्यासक्रम जर्मन अभ्यासक्रमाशी जुळतो का याची छाननी, आणि नाही जुळला, म्हणजे आपल्या लोकांचा बहुतेक नाहीच जुळत, तर ज्ञानाची परीक्षा, तोंडी आणि प्रॅक्टिकल, खोट्या जबड्यावर काम करून दाखवायचं. इंजिनियर, मार्केटिंगवाले, डेटावाले, अकाउंट्समध्ये नोकरी करणारे, यांना हे काही नाही, नोकरी मिळाली की झालं. (आपल्याकडचे सीए मात्र इथे टॅक्स सल्लागार म्हणून पाटी लावू शकत नाहीत, तो पण बंद डबा आहे, कंपनीत फायनान्सची नोकरी करू शकतात.)

म्हणून मी आधी जोडीदाराचं विचारते. दोघं आयटीत असाल तर पॅकेजवर बोलू, खुशाल या. पण घरात एक जण डॉक्टर किंवा टीचर किंवा वकील असेल तर तुमचं रिलोकेशन तिकिटाच्या तारखेला संपत नाही, ते पुढची तीन-चार वर्षं चालू राहतं आणि ती वर्षं पगारातून वजा करून मग ऑफर बघायची.

आता लोक म्हणतात, ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तर जर्मन लागतच नाही. बरोबर आहे, व्हिसाला लागत नाही. इतर काही फॅमिली व्हिसांना ए-वनचं सर्टिफिकेट मागतात, ब्लू कार्डवाल्यांच्या नवऱ्याला-बायकोला ते माफ आहे, आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची परवानगी पण आहे. कायदा अगदी उदार आहे. फक्त कायद्याने दिलेल्या परवानगीला नोकरी चिकटून येत नाही. माझ्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांच्या बायका एमबीए, एमई झालेल्या, पुण्यात-बंगलोरमध्ये टीम सांभाळलेल्या, आणि इथे व्हिसाला भाषा लागत नाही म्हणून तशाच आल्या आणि मग पहिला हिवाळा, मग पहिलं बाळ, मग किंडरगार्टनची वेटिंग लिस्ट, असं करत करत पाच वर्षं झाली तरी अजून "करायचंय जर्मन" वर आहेत. त्यांना नावं ठेवत नाहीये मी. त्यांचा नवरा दिवसभर इंग्लिशमध्ये काम करून येतो आणि घरातली सगळी जर्मन पत्रं मात्र तीच फोनच्या कॅमेऱ्याने ट्रान्सलेट करत बसते, यात ती मागे कशी काय पडली हे कोणी विचारत नाही.

आमच्या डॉक्टरांनी ए-वन, ए-टू पुण्यातच केलं, बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात. सकाळी क्लास, संध्याकाळी क्लिनिक, मध्ये मी इकडून व्हिडिओ कॉलवर "अरे इथे कणीक मिळते, कुकर नको आणू" वगैरे. कुकर आणलाच त्याने. तेव्हाच्या सहा-आठ महिन्यांत मला एक गोष्ट पगाराच्या स्लिपवर कळली जी तुम्हाला कोणी एचआर सांगणार नाही. जर्मनीत टॅक्सचे क्लास असतात. लग्न झालेलं असलं तरी नवरा भारतात राहत असेल तर तुम्ही क्लास एक, म्हणजे सिंगल माणसासारखे. तो इथे येऊन राहायला लागला, नाव नोंदवलं, की मग एकटा कमावता असेल तर कमावणाऱ्याला क्लास तीन घेता येतो आणि हातात येणारा पगार महिन्याला काही शे युरोंनी वाढतो. शिवाय सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये न कमावणारा नवरा-बायको आणि मुलं फुकटात कव्हर होतात, जास्तीचा एक सेंट पण नाही. म्हणजे एका पगारात घर चालवायची सोय इथल्या व्यवस्थेने नीट करून ठेवलेली आहे. मला आधी हे फार छान वाटलं. नंतर वाटलं की ही सोय इतकी गुबगुबीत आहे की दुसऱ्या माणसाने घरीच बसावं असंच कोणीतरी ठरवलंय, आणि गंमत म्हणजे जर्मन बायका पण हेच म्हणतात, क्लास तीन-पाचवर (एकाला तीन घेतला की दुसऱ्याला पाच) इथे वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत.

युरोचे रुपये करायला गुणिले नव्वद, गुणिले शंभर करणाऱ्यांसाठी एक वाक्य. महिना पाच हजार ग्रॉसला क्लास एकमध्ये हातात तीन हजार दोनशेच्या आसपास येतात, त्यातून आमच्या भागात दोन खोल्यांचं घर, हीटिंग-पाणी धरून बाराशे-तेराशे. आणि घर म्हणजे भिंती बरं का. आम्ही जे घेतलं त्यात स्वयंपाकघर नव्हतं, म्हणजे खोली होती, पण ओटा, सिंक, कपाटं, शेगडी काही नाही, नळाच्या जागी दोन पाइप बाहेर आलेले, छताला दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी. आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन उचकटून घेऊन जातो नाहीतर नव्या माणसाला विकतो, ही इथली सर्रास पद्धत आहे. आम्ही विकतच घेतलं त्याच्याकडून. डिपॉझिट वेगळं, ते कायद्याने मूळ भाड्याच्या तीनपटीपर्यंत. सुरुवातीला हे सगळं एका पगारातून गेलं, हे आकडे "६५ हजार युरो" मध्ये दिसत नाहीत.

तर नवरा आला आणि जिन्यात त्याची जर्मनीशी खरी ओळख झाली.

आमच्या भागात, म्हणजे श्वाबेनमध्ये, केरवोखे नावाचा प्रकार आहे. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची आळीपाळीने एक आठवडा सफाईची पाळी. दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली दिसली की समजायचं, या आठवड्यात जिना, कठडा, खालचा पॅसेज तुमचा. मोठी पाळी वेगळी, तिच्यात बाहेरचा फुटपाथ, कचऱ्याचे डबे ओढणं, थंडीत सकाळी सातच्या आत बर्फ काढणं. सफाई कंपनीला पैसे देणारी सोसायटी पण असतात, आमची नाही. मी ऑफिसला, तो घरी, तेव्हा पाळी कोणाची हे सांगायला नको.

पहिल्या पाळीला त्याने जिना झाडला, पोतेऱ्याने पुसला, पाटी काढून समोरच्या दाराला लावली. दहा मिनिटांत बेल. खालच्या मजल्यावरच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, हातात स्वतःची बादली. त्यांनी त्याला खाली नेलं, पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, बोट त्याला दाखवलं. मग कठड्याच्या गजांमधली धूळ. मग पायपुसणं उचलून त्याच्याखालची माती. एक शब्द इंग्लिश नाही, एक शब्द त्याला कळेल असं जर्मन नाही, पण काय चुकलंय ते सगळं कळत होतं, पुण्यात वाढलेल्या माणसाला ही भाषा नवीन नव्हती. त्याने परत पहिल्यापासून पुसलं. आजी वर उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्यांनी मान हलवली आणि जॅमची एक बाटली दिली, बागेतल्या करवंदासारख्या काहीतरी आंबट फळाची.

याच वेळी आमच्या घरात फोन स्टँडला लावून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल चालू होता, मी घेतला होता आणि दार उघडं होतं. "अगं, तो काय करतोय जिन्यात?" "आई, पाळी आहे आमची, जिना पुसतोय." फोन थोडा वेळ गप्प. मग, "आणि तू?" मी म्हटलं, "मी तुमच्याशी बोलतेय." हे उत्तर निगडीत फार काही बरं गेलं नाही. पण सासूबाईंचं एक आहे, त्या मनात ठेवत नाहीत, दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या की बाथरूममध्ये असतं ते ॲसिड लाव म्हणावं कोपऱ्यात, चटकन निघतं.

आजींमुळे त्याचं जर्मन सुधारलं असं मी म्हणणार होते, खरं म्हणजे बिघडलं. त्या बोलतात श्वेबिश, इथली बोली. प्रत्येक शब्दाला शेवटी "ले" लावायचं, थोडं म्हणजे "बिस्ले", घर म्हणजे "हॉयस्ले", वाक्याच्या शेवटी "गेल?" म्हणजे आपलं "हो की नाही?". हा क्लासमध्ये जाऊन हेच बोलायचा आणि बाई डोक्याला हात लावायच्या. इंटिग्रेशन कोर्स सरकारी असतो, ६०० तास भाषा आणि वर १०० तास इथला इतिहास, कायदा वगैरे. त्याच्या वर्गात निम्म्या युक्रेनच्या बायका, त्या वर्षी युद्धातून आलेल्या, एक सिरियाचा सुतार, तीस वर्षं जर्मनीत राहून आता नातवासाठी भाषा शिकणाऱ्या तुर्की आजी आणि आपला निगडीचा डेंटिस्ट. त्यातली एक खारकीव्हची बाई पण डेंटिस्टच निघाली. दोघं मधल्या सुट्टीत तुटक्या जर्मनमध्ये रूट कॅनलवर बोलायचे आणि बाकीचे लांब जाऊन बसायचे. तो मला म्हणाला होता, "वर्गात आम्ही दोघंच असे आहोत ज्यांना आपण काय होतो ते रोज कोणाला तरी सांगावंसं वाटतं." मी त्यावर काही बोलले नाही. माझ्याकडे ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात होतं, मला हे सांगावं लागत नव्हतं.

बी-टू झाल्यावर त्याने एका दवाखान्यात मिनीजॉब धरला. मिनीजॉब म्हणजे महिन्याला ठरलेल्या मर्यादेच्या आतली कमाई, २०२५ मध्ये ५५६ युरो होती, तितक्यात राहिलं की फुकटचा फॅमिली इन्शुरन्स टिकतो. काम असिस्टंटचं. खुर्ची तयार करायची, हत्यारं स्टेरिलायझरमधून काढून ट्रेमध्ये लावायची, पेशंटच्या तोंडात सक्शनची नळी धरायची. स्वतःच्या क्लिनिकमध्ये ही नळी धरायला त्याने दोन मुली ठेवल्या होत्या.

पहिल्या आठवड्यात तो घरी येऊन काय बोलला असेल असं तुम्हाला वाटतं? तो म्हणाला इथल्या सक्शनला आवाज येत नाही. पुढचे दोन दिवस त्याने मला कंप्रेसर कुठे ठेवतात, पाइप कसे जमिनीखालून नेतात, निगडीच्या क्लिनिकमध्ये हे करता येईल का हेच सांगितलं. वाईट वाटायचं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू झालं. तिथल्या डॉक्टरीण बाई त्याच्यापेक्षा वयाने लहान, कामाला चोख, पण एकदा एका आजोबांची अक्कलदाढ निघता निघेना आणि हा बाजूला नळी धरून उभा, त्याला दिसतंय की हाताचा कोन थोडा बदलला तर येईल. बोलायचं की नाही? परवाना नाही, हात लावायचा प्रश्नच नाही, पण तोंडाने सांगायला काय हरकत आहे असं मला वाटलं. तो बोलला नाही. पेशंटसमोर डॉक्टरला सांगायचं नसतं, हे त्याने स्वतःच त्याच्या असिस्टंट मुलींना शिकवलेलं. दाढ निघाली शेवटी. रात्री जेवताना त्याने चमचा हातात धरून मला तो कोन दाखवला, दोन-तीनदा दाखवला, आणि मग वरण गार झालं म्हणून उठून गरम करायला गेला.

आणि याच काळात माझ्या मामीचा फोन, "जावईबापूंची प्रॅक्टिस काय म्हणतेय?" मी म्हटलं चांगली चाललीय.

पेशाच्या भाषेच्या परीक्षेची तयारी आमच्या डायनिंग टेबलावर झाली. एक तासाची परीक्षा, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. आधी खोटा पेशंट येतो, त्याला साध्या भाषेत विचारायचं कुठे दुखतं, कधीपासून, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कशाची ॲलर्जी आहे का. मग ते सगळं रीतसर लिहून काढायचं. मग एक डॉक्टर समोर बसतो आणि त्याला तेच आता डॉक्टरी भाषेत सांगायचं. पेशंट अर्थात मी. रोज रात्री मला वेगळी दाढ दुखायची. कधी मी घाबरट पेशंट, कधी भांडकुदळ, कधी इन्शुरन्स किती देणार यावरच अडून बसलेली. परिणाम असा झाला की मला आज हिरड्यांच्या सुजेबद्दल जर्मनमध्ये दहा मिनिटं सलग बोलता येतं, पण नळ गळतोय हे प्लंबरला सांगायला नवराच लागतो.

परीक्षेतला पेशंट साफ पुस्तकी जर्मन बोलला म्हणे. पण दवाखान्यात येणारे गावातले म्हातारे "एस टूट वे" (दुखतंय) म्हणत नाहीत, ते "स दुअट वे" म्हणतात, आणि तिथे आमच्या खालच्या आजींचं शिक्षण कामाला आलं. दवाखान्यातल्या रिसेप्शनवरची मुलगी मूळची हॅम्बुर्गची, तिला काही म्हाताऱ्यांचं बोलणं कळत नाही, ती याला बोलावते. एक आजोबा तर याच्याशीच बोलतात, दाढ डॉक्टरणीला दाखवतात पण तक्रार याला सांगतात.

मध्ये एक नावाचा घोळ सांगून ठेवते कारण तो प्रत्येक मराठी माणसाला भोवतो. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. जर्मन लोकांना ती दोन्ही माणसाचीच नावं वाटतात. माझ्या सगळ्या सरकारी पत्रांवर, इन्शुरन्स कार्डावर, बँकेत, मी आणि माझे वडील असे दोघं आहोत. नवऱ्याच्या डिग्रीवर आडनाव पहिलं, पासपोर्टवर शेवटी, रजिस्ट्रेशनवर वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला जे कागद लागले त्यांची फाइल डिग्रीच्या फाइलपेक्षा जाड झाली. निघायच्या आधी पुण्यातच एक प्रतिज्ञापत्र करून त्याचं भाषांतर करून आणा, आणि इथे आल्यावर सगळ्यात आधी पत्रपेटीवर पासपोर्टवरचं आडनाव चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि टॅक्स नंबरपासून सगळं पत्रानेच येतं.

तर आता कुठे आहोत आम्ही. भाषेची परीक्षा पास झाला. छाननीत अभ्यासक्रम पूर्ण जुळत नाही असा निकाल आला, अपेक्षितच होतं, म्हणून ज्ञानाची परीक्षा, ती पुढच्या वर्षी. ती नापास झाली तर दोनदा परत देता येते, त्याच्यापुढे नाही. सध्या घरात एक प्लास्टिकचा जबडा आहे, तो जेवणाच्या टेबलावर ठेवायचा नाही इतका एक नियम मी केलाय आणि तो रोज मोडला जातो. निगडीचं क्लिनिक चालू आहे, भाडं आणि थोडा हिस्सा येतो, इथून रात्री तो कॉलवर एक्स-रे बघून त्या ज्युनियरला सल्ले देतो आणि मला वाटतं त्याचा दिवसातला तेवढाच वेळ तो स्वतःला डॉक्टर समजतो.

मला पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना मिळाला. ब्लू कार्डवर बी-वन जर्मन असेल तर २१ महिन्यांत अर्ज करता येतो, ए-वन असेल तर २७, मी दुसऱ्या रांगेतली. बी-वन करायला वेळ नाही असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते आणि घरातल्या बिनपगारी माणसाचं तोवर बी-टू झालं होतं, यावर तो मला काही बोलत नाही पण सासूबाई बोलतात.

जे विचारतात की एवढं असेल तर परत का येत नाही, त्यांना सांगते, परत यायचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा मीच काढला, आणि दोन्ही वेळा तो म्हणाला आता अर्ध्यात नाही. आणि हो, दोन डॉक्टर असलेल्या, किंवा डॉक्टर नवरा आणि शाळेत शिकवणारी बायको असलेल्या घरांनी येऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण मग ऑफर लेटरवर सही करायच्या आधी जोडीदाराच्या परवान्याचा अर्ज कुठल्या राज्यात, कुठल्या खात्याकडे, कुठल्या कागदांनिशी करायचा हे शोधा, कारण प्रत्येक राज्याचं खातं वेगळं आणि वेग पण वेगळा, आणि बी-टू भारतातूनच करून या. तिथे क्लासला जाताना माणूस डॉक्टर म्हणून जातो. इथे तो नुसता क्लासला जातो.

आता नवा वाद नागरिकत्वाचा. जून २०२४ पासून पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि जर्मनी आता दुसरा पासपोर्ट सोडायला लावत नाही, पण भारत लावतो. माझी पाच वर्षं आधी भरतात. मी म्हणते घेऊन टाकू, ओसीआय आहेच, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड. तो म्हणतो ओसीआयवर डेंटिस्टची प्रॅक्टिस करता येईल, क्लिनिक ठेवता येईल, पण सासवडला त्याच्या काकांच्या बांधाला लागून जो तुकडा विकायला निघालाय तो घेता येणार नाही, ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर गोष्ट वेगळी. (परदेशात राहत असेपर्यंत भारतीय पासपोर्टवाल्यालाही घेता येत नाही, पण परत राहायला गेल्यावर तो मार्ग उरतो.) मी विचारलं तू शेती करणार आहेस का. तर म्हणे, आधी तो तुकडा घेऊ, मग तुझा पासपोर्ट. तूर्त काकांनी भाव वाढवलाय.